कादंबरीत उलट उत्तर देणारं कुणीच नाही

पत्र:

दापोलीत आम्ही काही जण महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो आणि ठरवलेल्या पुस्तकावर बोलतो. या वेळी एका तरुण इंजिनिअरच्या आग्रहावरून रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही भविष्यातल्या अंतराळयुद्धावरची विज्ञानकादंबरी घेतली. इंग्रजी प्रत एकच, त्यामुळे पूर्ण कादंबरी चौघांनीच वाचली. बाकीच्यांना त्या मुलाने मराठीत सांगितली, आणि काहींनी नुसता सिनेमा पाहिला. माझे चुलत सासरे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, फौजेबद्दल इतकं खरं मी कुठे वाचलं नव्हतं. शाळेत मला मराठी शिकवलेल्या बाई म्हणाल्या, हे फॅसिस्ट पुस्तक आहे आणि ज्यांना ते आवडतं त्यांनी स्वतःला तपासून बघावं. त्यावर काका म्हणाले, ज्यांनी वर्दी घातली नाही त्यांनी यावर बोलू नये, आणि उठून गेले. कृषी विद्यापीठातली एक मुलगी म्हणते की लढाई थोडी आणि शाळा फार, म्हणून पुस्तक कंटाळवाणं आहे. इंजिनिअरचं म्हणणं, तुम्ही उगाच राजकारण आणताय. आता काका बैठकीला येत नाहीत आणि बाई फोनवर तुटक बोलतात. गणपतीत सगळं घर एकत्र येणार. मी सून, काकांना काय सांगणार? आणि बाईंना तरी कोणत्या तोंडाने सांगू? नेमकं बरोबर कोण? वाचनालयाच्या अभिप्राय वहीत संयोजिका म्हणून मी या पुस्तकापुढे काय लिहू?
– संयोजिका, दापोली

उत्तर:

प्रिय ताई,

बैठक बंद करू नका आणि निकालही देऊ नका. या कादंबरीवर जशी चर्चा व्हायला हवी तशीच तुमच्याकडे सुरू झाली होती. ती अडली दोन वाक्यांमुळे, आणि ती दोन्ही वाक्यं पुस्तकाबद्दलची नव्हती. त्यांच्याकडे नंतर येते.

आधी सिनेमा बाजूला काढा. पॉल व्हरहोव्हन यांचा १९९७चा सिनेमा कादंबरीची टर उडवणारा आहे. मूळ पुस्तक आपण दोन प्रकरणं वाचून सोडून दिलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यातल्या अधिकाऱ्यांचे गणवेश पाहून नाझी आठवावेत अशीच योजना आहे. ज्या यांत्रिक चिलखतामुळे कादंबरी गाजली ते सिनेमात नाहीच. कादंबरीचा नायक, सैनिक जॉनी रिको, फिलिपिनो आहे. घरी तागालोग ही फिलिपिन्सची भाषा बोलतात, हे तो अगदी शेवटी जाता जाता सांगतो. १९५९ साली अमेरिकन वाचकाला इतक्या उशिरा ते सांगणं हे धाडस होतं. सिनेमात तोच ब्यूनोस आयर्सचा गोरा मुलगा झाला आहे. बाईंनी पुस्तक वाचलं आहे, त्यांना मी हे म्हणत नाही. पण सिनेमा पाहून त्यांच्या बोलण्याला मान डोलावणाऱ्यांना पुढच्या बैठकीत एवढं नक्की सांगा की दिग्दर्शकाचं मत लेखकाच्या नावावर मांडू नका.

आता काका. त्यांना या पुस्तकात नेमकं काय खरं वाटलं, हे कुणी विचारलं का? तुमच्या पत्रात तसं दिसत नाही. मला वाटतं त्यांना लढाई आवडली नसेल, प्रशिक्षण आवडलं असेल. कादंबरीचा मोठा भाग त्यावरच आहे. कँप करी या प्रशिक्षण छावणीत दोन हजारांवर रंगरूट येतात आणि शेवटी दोनशेही उरत नाहीत. सार्जंट झिम त्यांना पिळून काढतो. एक मुलगा त्याच्यावर हात उगारतो आणि त्याला फटक्यांची शिक्षा होऊन फौजेतून काढून टाकलं जातं. त्यानंतरचं एक दृश्य आहे: झिम आपल्या कॅप्टनपुढे उभा राहून सांगतो की चूक माझी होती, मी त्या मुलाला हात उगारायला जागाच द्यायला नको होती. जॉनीला हे योगायोगाने ऐकू येतं आणि ज्याला दगड समजत होतो तो माणूस किती हादरला आहे हे त्याला कळतं. ज्याने स्वतः उस्तादाच्या शिट्टीवर पहाट काढली आहे, कसम परेडला उभा राहिला आहे आणि पुढे स्वतःच नव्या पोरांना घडवलं आहे, त्याला ती पानं थेट भिडणारच. अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या सैनिकांच्या वाचनयादीत ही कादंबरी ठेवली होती. काका एकटे नाहीत.

लेखकाबद्दलही त्यांना सांगा. हाइनलाइन अमेरिकन नौदल अकादमीतून १९२९ मध्ये बाहेर पडले, ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावर होते, आणि १९३४ मध्ये क्षयामुळे त्यांना नौदल सोडावं लागलं. प्रत्यक्ष युद्ध त्यांच्या वाट्याला आलं नाही. पुस्तकातल्या फौजेत जी ओढ आहे ती मला अर्ध्यातून परत पाठवलेल्या माणसाची वाटते. त्या ओढीत प्रेम खरं आहे, आणि थोडं आंधळंही आहे.

त्या आंधळेपणावर बाईंनी बोट ठेवलं. कादंबरीतल्या राज्यात मत फक्त त्याला, ज्याने शासनाची ठरलेली सेवा पुरी केली आहे. सेवेत असेपर्यंत सैनिकालाही मत नाही, बाहेर पडल्यावरच मिळतं. बाकीचे लोक धंदा करतात, पैसा कमावतात, बोलतात, फिरतात, पण राज्य कसं चालावं यात त्यांचा हात नाही. शाळेत ‘इतिहास आणि नैतिक तत्त्वज्ञान’ असा तास असतो आणि तो माजी सैनिकानेच घ्यायचा असा नियम आहे. जॉनीचे शिक्षक ड्यूबॉ त्या तासाला कुत्र्याच्या पिल्लाचं उदाहरण देऊन सिद्ध करतात की मुलांना वेळच्या वेळी फटके दिले नाहीत म्हणूनच विसाव्या शतकातला समाज बिघडला. आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना याचा संताप आला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

तरीही ‘फॅसिस्ट’ हा आरोप मला पटत नाही. या राज्यात निवडणुका आहेत, एकच एक नेता नाही, वंशाची उच्चनीच नाही, बायका युद्धनौका चालवतात आणि सक्तीची भरती तर अजिबात नाही. सक्तीच्या भरतीला हाइनलाइन यांचा जन्मभर विरोध होता. पुढे १९८० मध्ये त्यांनी असंही लिहिलं की त्या सेवेत बहुतेक लोक सैनिक नसून नागरी कामं करणारे आहेत. पण कादंबरी वाचून हे कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण पानापानावर दिसतात ते सैनिकच.

माझी तक्रार वेगळी आहे. ड्यूबॉंच्या वर्गात त्यांच्या तोडीचा एकही विद्यार्थी नाही. मुलं चुकीचं किंवा घाबरत उत्तर देतात, मास्तर ते खोडून काढतात, तास संपतो. जॉनीचे वडील सुरुवातीला फौजेला कडाडून विरोध करतात, पण पुढे तेही भरती होतात. शत्रू कोण, तर वारुळात राहणारे किडे, ज्यांच्याशी बोलणी होण्याचा प्रश्नच येत नाही. लेखकाने आपल्या मताला धक्का लावू शकेल असं एकही माणूस गोष्टीत ठेवलेलं नाही. वाद जिंकायचा सोपा मार्ग आहे तो, आणि इतक्या ताकदीच्या लेखकाने तो धरावा याचं मला वाईट वाटतं. जे उलट उत्तर पुस्तकात कुणी देत नाही ते तुमच्या खोलीत बाईंनी दिलं. म्हणून म्हणते, बैठक मोडू नका. या कादंबरीला अशाच बैठकीची गरज आहे.

आणि ही बैठक दापोलीत भरते, हे विसरू नका. ‘कँप दापोली’ हे नाव गावाला उगाच पडलेलं नाही. इंग्रजांची छावणी इथे होती आणि छावणी उठल्यावरही लष्करी पेन्शनर इथे राहत आले. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. मूळचे महाडजवळचे, फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झाले आणि दापोलीत राहून अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. १८९० नंतरच्या काही वर्षांत सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत लढलेल्या लोकांना सांगितलं गेलं की तुम्ही लढवय्ये नाही. वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सविस्तर विनंतिपत्र तयार केलं. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं आहे, मग आमचा हक्क कुठे गेला, असा त्याचा रोख होता. पुढे महायुद्धात माणसं हवी झाली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

कादंबरीतला डॉक्टर जॉनीला सांगतो की सेवेला आलेल्या कुणालाही परत पाठवता येत नाही. चाकांच्या खुर्चीवर बसून आंधळा माणूस आला तरी त्याच्यासाठी काहीतरी काम शोधावंच लागेल. म्हणजे हाइनलाइन यांना धोका दिसला होता: हक्क सेवेवर अवलंबून ठेवला तर भरतीच्या टेबलावर बसलेला माणूस हक्काचाही मालक होतो. त्यांनी एक नियम घालून तो धोका मिटवला आणि पुढे गेले. दापोलीच्या पेन्शनरांना असा नियम कुणी दिला नव्हता. भरती बंद करायला सरकारला एक हुकूम पुरला.

काकांच्या बाजूचंही इथे सापडतं. सेवा केली म्हणून मान मागणं हे काही हुकूमशाहीचं लक्षण नव्हे. वलंगकरांनी तेच मागितलं होतं आणि ज्यांच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं त्यांच्या हातातलं ते सगळ्यात जड माप होतं. १९१९च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुकांसाठी ज्या थोड्या लोकांना मत मिळालं त्यांत जमीनमहसूल आणि कर भरणाऱ्यांबरोबर निवृत्त सैनिकही होते. म्हणजे हाइनलाइन यांच्या कल्पनेचा एक तुकडा आपल्याकडे त्यांच्या पुस्तकाच्या चाळीस वर्षं आधी प्रत्यक्षात होता. पेन्शनर सुभेदाराला मत होतं, आणि खोताच्या जमिनीत राबणाऱ्या बहुतेक कुळांना आणि त्यांच्या बायकांना ते नव्हतं. मग १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. प्रत्येक प्रौढ माणसाला मत, मग त्याच्याकडे जमीन असो नसो, त्याने वर्दी घातलेली असो नसो. त्यांचे वडील रामजी सुभेदार मंडणगडातल्या आंबडव्याचे, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच बिऱ्हाड करून राहिलेले. सुभेदाराच्या मुलाने सुभेदारापुरतं मत मागितलं नाही. बाईंना हे माहीत असेलच, पण त्यांनी ते त्या बैठकीत बोलायला हवं होतं. आरोपापेक्षा ते काकांपर्यंत लवकर पोचलं असतं.

मुलांचं थोडक्यात सांगते. कृषी विद्यापीठातल्या मुलीचं म्हणणं योग्य आहे. पहिल्या प्रकरणातला छापा झकास आहे, त्यानंतर गोष्ट पुन्हा पुन्हा थांबते आणि मास्तर बोलू लागतात. कंटाळा हाही अभिप्राय असतो, तो वहीत लिहायला तिला लाजवू नका. इंजिनिअर मुलाने चिलखतावर जीव टाकावा हेही रास्त, पुढच्या कितीतरी कथा-सिनेमांतली अशी चिलखतं या पुस्तकाकडे बघूनच आली. पण राजकारण आपण आणलं नाही, ते आत होतंच. अमेरिकेने १९५८ मध्ये अण्वस्त्रचाचण्या थांबवल्या म्हणून हाइनलाइन खवळले, हातातली दुसरी कादंबरी बाजूला ठेवली आणि ही लिहिली. त्यांची किशोरांसाठीची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केलं. दुसऱ्या प्रकाशकाने छापलं आणि १९६० मध्ये त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. भांडण छापण्याआधीपासूनचं आहे.

आता ती दोन वाक्यं. ‘ज्यांना हे आवडतं त्यांनी स्वतःला तपासून बघावं’ हे बाईंचं, आणि ‘ज्यांनी वर्दी घातली नाही त्यांनी बोलू नये’ हे काकांचं. बाईंनी पुस्तकावरून माणसाची परीक्षा केली. काकांनी तर कादंबरीतला कायदाच खोलीत लागू केला: सेवा नाही तर मतही नाही. दोघांनी आपापली पुस्तकाबद्दलची मतं बदलावीत असं मी मुळीच म्हणणार नाही. एवढं एक-एक वाक्य मागे घेतलं तरी बैठक पुन्हा सुरू होईल.

आधी बाईंकडे जा. फोन नको, घरी जा. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी आहात, हे ओझं समजू नका, तुम्हाला तिथे जास्त मोकळीक आहे. सरळ म्हणा, ‘बाई, पुस्तकाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते पुढच्या वेळी पुराव्यासह मांडा, मला ऐकायचंय. पण काकांना ते वाक्य लागलंय, आणि ते तसे नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे.’ जिने तुम्हाला वाचायला शिकवलं ती बाई एवढं ऐकून घेईल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

काकांकडे गणपतीच्या आधीच जा. मुंबईहून सगळे आले की एकांत मिळणार नाही. ज्याने पुस्तक उघडलेलंही नाही तो मधे पडून सल्ला देईल, आणि काकांना सगळ्यांदेखत माघार घेणं जड जाईल. बाईंचा निरोप द्या आणि त्यांना झिमचं ते पान वाचून दाखवायला सांगा. त्यांच्या नोकरीतलं काय आठवतं, ते बोलतील. ऐकून झालं की एक प्रश्न विचारा, आणि तो मनापासून विचारा, कोंडीत पकडायला नको: काका सीमेवर होते तेव्हा मनीऑर्डरवर घर चालवलं, शेती बघितली, मुलांची आजारपणं काढली, ती काकूंनी. कादंबरीच्या नियमाने काकूंना मत नाही. हे काकांना चालेल का? काकू जवळपास असतील तर फारच चांगलं. त्यांना वाचायला दिलं होतं का हे पुस्तक? निदान सांगितलं तरी होतं का?

काका ‘चालेल’ म्हणाले तर म्हणू दे. मग ते मतही बैठकीत मांडायला सांगा, आणि बाईंना त्याला उत्तर देऊ द्या.

पुढचं पुस्तक मी सुचवते: जो हाल्डेमन यांची १९७४ची ‘द फॉरएव्हर वॉर’. हाल्डेमन भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकले, सक्तीच्या भरतीत व्हिएतनामला गेले, तिथे इंजिनिअर तुकडीत होते आणि जबर जखमी होऊन परतले. त्यांच्या कादंबरीचा नायक, सैनिक मँडेला, दूरच्या ताऱ्यांवर लढतो. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हे आपल्याकडे नारळीकर वाचलेल्यांना सांगायला नको. मँडेलाच्या मोहिमेत थोडा काळ जातो, तेवढ्यात पृथ्वीवर दशकं आणि पुढे शतकं उलटतात. तो घरी येतो तेव्हा घर ओळखीचं राहिलेलं नसतं, आणि ज्या फौजेचा त्याला वीट आलाय त्याच फौजेत तो परत जातो, कारण दुसरी कुठली जागा उरलेली नसते. काकांना यातला शत्रू आणि सेनापती पटणार नाहीत कदाचित, पण सुटीवर घरी येणं म्हणजे काय, यावर तुमच्या खोलीत त्यांच्याइतकं कुणी बोलू शकणार नाही. हाइनलाइन यांच्या पुस्तकात ज्या बोलण्याची सोयच नव्हती ते शत्रूशी बोलणं इथे कळीचं आहे. कसं, ते सांगत नाही.

प्रत मागवताना आवृत्ती पाहा. घरी परतण्याचा मूळ भाग मासिकाच्या संपादकांना फार उदास वाटला म्हणून हाल्डेमन यांनी तेव्हा तो सौम्य करून लिहिला होता. नंतरच्या आवृत्त्यांत मूळ भाग परत आला, तीच घ्या. पुस्तकात लैंगिक संबंधांबद्दल मोकळं लिहिलेलं आहे आणि समलिंगी माणसांचं चित्रण सत्तरच्या दशकातल्या नजरेतून आहे, ते आज खटकतं. विद्यापीठातली मुलगी ते नक्की बोलेल, तिला बोलू द्या. आणि या वेळी गोष्ट एकट्या इंजिनिअरने सांगू नये. वाचणाऱ्यांनी भाग वाटून घ्या, घरी परतण्याचा भाग काकांना द्या.

राहिली अभिप्राय वही. संयोजिका म्हणून तिच्यात निकाल लिहू नका. काकांना आणि बाईंना एकाच पानावर आपापला अभिप्राय लिहायला सांगा, प्रकरणाचा क्रमांक देऊन आणि खाली सही करून. मुलीने आपला कंटाळा लिहावा, मुलाने चिलखत. त्यानंतर तुम्ही लिहा, सून म्हणून नाही आणि विद्यार्थिनी म्हणूनही नाही. ज्या चौघांनी ही कादंबरी पूर्ण वाचली त्यांत तुम्ही होतात का, हे पत्रात तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. नसाल, तर आधी ती वाचून काढा. पत्रात सगळ्यांची मतं आहेत, तुमचं तेवढं नाही.